अंदाजाने घाला म्हणजे नेमकं किती?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो. डिसेंबरात हिचं उजवं मनगट मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर आहे. तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडे. वरण-भात, भाज्या, पोळ्या आता बऱ्यापैकी जमतात. ही ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसते आणि सांगते, पण काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "अंदाजाने घाला." वहीतही तेच लिहिलंय. भोगी-संक्रांत तोंडावर आली आहे आणि माझी बाजरीची भाकरी थापतानाच फाटते. गुळपोळी करून बघितली तर गूळ तव्यावर आणि पोळी रिकामी. तिळाचे लाडू दाताने फुटेनात. इडलीचं पीठ दोन दिवस ठेवलं तरी वर येत नाही. मुलीने ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन घेऊन दिलाय, त्यात मोबाइलवर बघून केक केला. मस्त फुगला, आणि बाहेर काढेपर्यंत मधोमध खड्डा. चवही साबणासारखी. बेकिंग पावडर घरात नव्हती म्हणून तेवढाच खायचा सोडा घातला होता, दही-ताक काही नव्हतं, दुधातलाच केक होता. येत्या ३० तारखेला आमच्या लग्नाला ३५ वर्षं होतील. त्या दिवशी तरी केक धड व्हावा, एवढीच इच्छा आहे.

एक वाचक, नाशिक

दादा, नमस्कार.

वहिनींच्या हाताला लवकर आराम पडो. पत्र वाचताना सारखं ते खुर्चीतलं चित्र डोळ्यांसमोर येत होतं. त्या "अंदाजाने घाला" म्हणतात तेव्हा काही हातचं राखून ठेवत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांच्या मुठीला, चिमटीला, ओंजळीला माप पाठ झालंय, पण ते तोंडाने आकड्यांत सांगता येत नाही. अंदाज म्हणजे अटकळ नव्हे. ते हाताने घेतलेलं मोजमापच असतं, आणि माणूस शेजारी बसलेलं असताना ते उतरवून घेता येतं.

त्यासाठी एक लहान डिजिटल वजनकाटा आणा, ग्रॅम दाखवणारा. वहिनी मूठभर म्हणाल्या की त्यांच्या डाव्या मुठीत पीठ घ्यायला लावा, ती मूठ काट्यावरच्या ताटलीत सोडायला सांगा आणि आलेला आकडा वहीत त्याच ओळीशेजारी लिहा. एक वाटी म्हणाल्या तर कुठली वाटी ते विचारा, आमटीची की आमरसाची. ती वाटी काट्यावर ठेवून पाण्याने काठोकाठ भरा. पाणी जितके ग्रॅम भरेल तितके मिलिलिटर त्या वाटीत मावतात. कणीक मळून झाली की गोळा त्यांच्या डाव्या हातात द्या. त्या दाबून सांगतील सैल झाली की घट्ट. मग तोच गोळा तुम्ही दाबा. चार दिवसांत तुमच्या बोटांनाही फरक कळायला लागेल.

हे इतक्या आग्रहाने सांगायला कारण आहे. माझ्या आईच्या वहीत अनारशांच्या पानावर लिहिलंय, "तांदूळ तीन दिवस भिजवावेत, रोज पाणी बदलावे, मग हाताला दमट लागतील इतपत सावलीत वाळवावेत." दमट म्हणजे किती दमट, ते तिच्या हाताला ठाऊक होतं. मी त्या तांदळात हात घालून बघायचं राहून गेलं. ती गेल्यानंतर पाच दिवाळ्या मी अनारसे केले, त्यातल्या तीन दिवाळ्यांना ते तुपात हसले, म्हणजे फुटून विखुरले. आता जमतात, पण जे एका दुपारी हाताला समजलं असतं त्याला मला पाच वर्षं लागली.

आता तुमचे प्रश्न. सण आधी आहे, म्हणून भोगीपासून सुरुवात करू.

भाकरी फाटते यात तुमच्या हातापेक्षा पिठाचा दोष जास्त असावा. पीठ कधी दळलेलं आहे? बाजरीत स्निग्धांश जवळजवळ ५ टक्के असतो, गव्हात दीड-दोन टक्केच. दाणा अख्खा असतो तोवर काही बिघडत नाही. दळला की तो उघडा पडतो आणि पीठ लवकर खवट होऊ लागतं. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून बघा. मागाहून कडवट लागलं तर त्या पिठाची भाकरी कितीही मळलं तरी चांगली होणार नाही. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, असं आमच्याकडच्या बायका म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. किलोभरच दळून आणा, आठवड्यात संपवा, उरलं तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. गव्हाची कणीक ताणली जाते कारण तिच्यात ग्लुटेन असतं. बाजरीत ते नाही. बाजरीचं पीठ धरून राहतं ते गरम पाण्याने त्यातला स्टार्च फुलून चिकट होतो म्हणून. त्यामुळे थंडीत नळाचं गार पाणी घेऊन भाकरी मळाल तर ती फाटणारच. परातीत एका भाकरीपुरतं पीठ घ्या, मधोमध खळगा करा, त्यात कडकडीत पाणी ओता आणि आधी उलथन्याने कालवा. हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने रगडायला घ्या. पुढे ढकलायचं, मागे ओढायचं, लागेल तसा पाण्याचा हात लावायचा. चांगली दोन-तीन मिनिटं. मग गोळा करून अंगठ्याने दाबा. कडेला चिरा पडल्या तर अजून मळायचं बाकी आहे. चिरा पडल्या नाहीत तरच थापायला घ्या. चार भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवू नका, तिसरीपर्यंत ते कोरडं पडतं.

थापताना सुरुवातीला बशीएवढीच भाकरी करा. खाली पीठ भुरभुरा, एका हाताच्या बोटांनी थापत दुसऱ्या हाताने कड सावरा, भाकरी आपोआप गोल फिरू लागते. तवा चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर ठेवून टाका आणि लगेच सगळीकडून पाण्याचा हात फिरवा. हे पाणी सुकत आलं की उलटायची, पुरतं सुकल्यावर उलटाल तर भेगा पडतील. दुसरी बाजू नीट भाजू द्या, मग पहिली बाजू आचेवर धरा. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते तेव्हा जो वास येतो, त्याने तुमचं तुम्हाला कळेल. भोगीची म्हणून तीळ लावायचे ते पाण्याचा हात फिरवल्यावर, ओलसर बाजूवर. सोबत भोगीची भाजी आणि लोण्याचा गोळा. न खाई भोगी तो सदा रोगी.

गुळपोळीवर मात्र जरा थांबू, कारण तिथे सगळं अडतं ते सारणात आणि कणकेत मेळ नसल्यामुळे. गूळ तापला की पातळ होतो. त्याला धरून ठेवणारं काही आत नसेल तर तो वाट काढणारच. ते काम डाळीचं पीठ करतं. पाव किलो गूळ बारीक किसणीने किसून घ्या. चिक्कीचा गूळ नको, साधा पिवळा मऊ गूळ. पाव वाटी डाळीचं पीठ तेलावर मंद आचेवर खमंग भाजा, रंग बदामी व्हायला हवा. अर्धी वाटी तीळ भाजून कुटा, मूठभर सुकं खोबरं किसून भाजून घ्या, असेल तर चमचाभर भाजलेली खसखस, थोडं जायफळ. हे सगळं गुळात घालून तळहाताने मळा. मळायचं म्हणजे मळायचं, एकही खडा राहता कामा नये. लाटताना पोळी फाटते ती त्या खड्यानेच, आणि फाटलेल्या जागेतून सगळा गूळ बाहेर येतो. सारण कोरडं वाटलं तर चमचाभर तेल, दूध-पाणी बिलकूल नाही.

कणीक पुरणपोळीसारखी सैल नको, घट्ट हवी. पाव किलो कणकेत दोन-तीन चमचे डाळीचं पीठ, चिमूटभर मीठ आणि कडकडीत तापवलेल्या तेलाचं मोहन घाला. मोहन पिठाला चोळल्यावर मुठीत दाबून बघा, मुटका वळला आणि तसाच राहिला की पुरेसं झालं. मग पाण्याने घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवा.

आता इथे वहिनींची मदत घ्या. आधी कणकेची लाटी, मग सारणाचा गोळा, दोन्ही त्यांच्या डाव्या हातात एकापाठोपाठ एक द्या. दोन्ही बोटांना सारखेच दबले पाहिजेत. सारण घट्ट असेल तर ते मधेच बसून राहतं आणि कडा रिकाम्या राहतात. सैल असेल तर कणकेच्या पुढे धावतं. मेळ बसला की दोन लाट्या पुरीएवढ्या लाटा, सारणाची चपटी टिकली त्याच मापाची करून मधे ठेवा, कडा दाबून बंद करा आणि तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने लाटा. लाटताना दाब मधून कडेकडे. गूळ कडेपर्यंत पोचलेला वरून दिसतो, पोळीचा रंग तिथे जरा गडद होतो. बिनगुळाची कड राहिलीच तर कातण्याने कापून टाका, आमच्याकडे तसंच करतात.

तवा मध्यम आचेवर. मोठ्या आचेने गूळ कणकेआधी उकळतो आणि फुटतो. पोळी एकदाच उलटायची, सारखी परतायची नाही. तरीही एखाद्या ठिकाणी गूळ आला तर घाबरू नका. पोळी काढून घ्या, आच बंद करा, तव्यावरचा गूळ उलथन्याने खरवडा आणि घडी केलेलं ओलं फडकं चिमट्यात धरून पुसा. हाताने पुसू नका, वितळलेला गूळ कातडीला चिकटून भाजतो. तो जळका गूळ तव्यावर तसाच राहिला तर पुढच्या सगळ्या पोळ्या कडू होतात. झालेल्या पोळ्या कागदावर सुट्या पसरा, गरम असताना एकावर एक रचू नका. गार झाल्या की खुसखुशीत होतात आणि आठ दिवस छान राहतात. संक्रांतीला पहिला घाणा मनासारखा नाही झाला तर वाईट वाटून घेऊ नका, रथसप्तमीपर्यंत सण आहेच.

तिळाच्या लाडवांचं थोडक्यात. तुमचा पाक पुढे गेला, किंवा गूळ चिक्कीचा होता, किंवा दोन्ही. पाव किलो तिळाला पाव किलो साधा गूळ घ्या, चमचाभर तुपावर मंद आचेवर वितळवा, आणि बुडबुडे आले की वाटीभर गार पाण्यात एक थेंब सोडा. बोटांनी गोळा करता आला आणि तो मऊच राहिला की लगेच आच बंद. तो थेंब वाटीला आपटून टणकन वाजला तर तो चिक्कीचा पाक, लाडवांचा नव्हे. या दोन अवस्थांत एखाद-दोन मिनिटांचंच अंतर असतं, म्हणून भाजलेले तीळ आणि दाण्याचं कूट आधीच हाताशी ठेवा. हाताला तूप लावून गरम असतानाच वळा. जे टणक झाले आहेत ते फेकू नका, खलबत्त्यात कुटून भाजीत घाला, कारल्याच्या भाजीत तर फार चांगले लागतात.

इडलीच्या पिठात तुमचं काही चुकलेलं नाही. निफाडचा पारा उतरला की नाशिकचं स्वयंपाकघरही पहाटे गारठतं, आणि पीठ फुगवणारे जंतू थंडीत जवळजवळ स्वस्थ बसतात. त्यांना २८ ते ३२ अंशांच्या आसपासची ऊब लागते. ती मिळाली तर आठ-दहा तासांत काम होतं, नाही मिळाली तर दोन दिवस ठेवूनही होत नाही.

ऊब कशी द्यायची? ओटीजी आहेच. तो सगळ्यात कमी तापमानावर एक-दोन मिनिटं चालू करा आणि बंद करा. आत हात घालून बघा, बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट वाटलं की पिठाचं पातेलं आत ठेवा, शेजारी वाटीभर गरम पाणी, दार बंद. आणि बटणावर कागदाची चिठ्ठी चिकटवा, "आत पीठ आहे." सकाळी घाईत कोणी ओटीजी सुरू केला तर पातेल्यासकट सगळं जाईल. पातेलं अर्धंच भरा, फुगायला जागा हवी.

पिठाचंही थोडं बघा. तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडदाची डाळ, डाळीत अर्धा चमचा मेथीदाणे. उडीद जुने असतील तर पीठ हलकं होत नाही, नवीन डाळ आणा. डाळ वाटताना मिक्सरचं भांडं तापतं, म्हणून गार पाणी घालत, थांबत थांबत वाटा. पिठाचा एक थेंब पाण्याच्या वाटीत टाका. तरंगला तर डाळ झाली, बुडाला तर अजून वाटा. तांदूळ जरा रवाळच ठेवा. मग दोन्ही पिठं हाताने कालवा, चांगली मिनिटभर. थंडीत मीठ मी सकाळीच घालते. फुगलेलं पीठ दणादण ढवळू नका, पळीने अलगद उचलून साच्यात घाला. पाणी उकळल्यावरच पात्र ठेवायचं, दहा-बारा मिनिटं वाफ, मग पाच मिनिटं तसंच राहू द्यायचं. सध्या जे पीठ पडून आहे त्याला फक्त आंबटसर वास येत असेल तर आज त्याचे उत्तप्पे घाला. वास विचित्र असेल किंवा वर रंगीत ठिपके दिसत असतील तर टाकून द्या.

आणि आता केक.

बेकिंग पावडर आणि खायचा सोडा दिसायला सारखे, काम वेगळं. सोडा नुसता असतो. त्याला फुगवायला आंबट काहीतरी लागतं, दही, ताक, लिंबू, व्हिनेगर. बेकिंग पावडरमध्ये सोडा, त्याला लागणारी आंबट पूड आणि थोडा स्टार्च, असं तिन्ही एकत्र असतं. म्हणून चमच्याला चमचा मोजला तर सोडा तिप्पट-चौपट तेज. तुम्ही तितकाच घातलात, आणि केकमध्ये आंबट काहीच नव्हतं. तेव्हा आत झालं असं की जास्तीच्या सोड्याने नुसत्या तापण्यानेच एकदम भरमसाट हवा केली, केक भराभर फुगला, पण त्याच्या भिंती शिजून घट्ट व्हायच्या आत हवा निसटली. खड्डा पडला तो त्यामुळे. आणि आंबटाशी जोड न मिळालेला सोडा तापला की त्याचा धुण्याचा सोडा होतो. तुम्हाला साबणाची चव लागली ती खरीच होती, जीभ फसली नव्हती.

पुन्हा कधी बेकिंग पावडर नसेल तर एका चमच्याऐवजी पाव चमचा सोडा आणि अर्धा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, इतकंच. चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा. घरातले चमचे लहान-मोठे असतात, आणि सोड्यात तेवढा फरकही भोवतो. पावडर जुनी असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, जोरात फसफसली तर जिवंत आहे. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात.

दुसरी शंका कपाची. मोबाइलवरचा कप म्हणजे २४० मिली. आपला चहाचा कप त्याच्या निम्मा-पाऊण भरतो. मैदा वाटीने, दूध चहाच्या कपाने आणि साखर आणखी कशाने मोजली असेल तर प्रमाण तिथेच बिघडलं. म्हणून मी तुम्हाला वजनातच सांगते. हा दह्याचा बिनअंड्याचा केक आहे, आणि नव्याने शिकणाऱ्यासाठी याहून भरवशाचा मला माहीत नाही.

मैदा १९० ग्रॅम, साखर १६० ग्रॅम, ताजं गोडसर दही २५० ग्रॅम, बिनवासाचं तेल १२० मिली, बेकिंग पावडर सव्वा चमचा, सोडा अर्धा चमचा, व्हॅनिला एक चमचा, चिमूटभर मीठ. मैदा आणि मीठ दोनदा चाळून घ्या. दह्यात साखर पूर्ण विरघळेपर्यंत फेटा. त्यात बेकिंग पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. दह्यावर फेस येतो, भांड्यात ते वर चढतं. हा फेस आला नाही तर पुढे जाऊ नका, सोडा-पावडर जुनी आहे. फेस आला की तेल आणि व्हॅनिला, मग मैदा तीन वेळा थोडा थोडा. मैदा गेल्यावर फेटायचं थांबवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की पुरे, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. भज्यांच्या पिठासारखं जोरात फेटत राहिलात तर ग्लुटेन तयार होऊन केक चिवट होतो.

डबा ८ इंची गोल घ्या. हे सांगायचं कारण, ६ इंची आणि ८ इंची डब्यांत दोनच इंचांचा फरक वाटतो, पण तळाचं क्षेत्रफळ २८ आणि ५० चौरस इंच, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ८ इंचीचं मिश्रण ६ इंचीत ओतलं की कडा करपतात आणि मधे कच्चं राहतं. तळाला तेल लावून बटर पेपर घाला. डबा निम्म्याच्या आसपास भरायला हवा, त्याहून वर नको.

ओटीजी आधी १८० अंशांवर पंधरा मिनिटं तापू द्या, वरचे-खालचे दोन्ही दांडे चालू, आणि जाळी अशी लावा की डबा बरोबर मध्यावर येईल. पण १८० वर फिरवलेली कळ खरंच १८० दाखवते का, हे आधी तपासा. यासाठी फार सोपी युक्ती आहे. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घालून १७५ वर पंधरा मिनिटं ठेवा, ती वितळता कामा नये. मग १९० वर पंधरा मिनिटं, आता वितळायला हवी. १७५ लाच वितळली तर तुमचा ओटीजी जास्त तापतो, कळ तितकी मागे ठेवा. १९० लाही तशीच राहिली तर पुढे न्या. यंत्र नवीन असलं म्हणून कळीवर विश्वास ठेवू नका, मी स्वतः तीन घरांतले ओटीजी असे तपासलेत आणि तिन्ही वेगवेगळे निघाले.

पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. काचेतून बघा हवं तितकं. दार उघडलं की गार हवा आत जाते आणि अर्धवट शिजलेल्या भिंती बसतात. पस्तीस ते चाळीस मिनिटांत केक होतो, पण घड्याळापेक्षा केककडे बघा. कड डब्यापासून सुटू लागते. मधे बोटाने हलकेच दाबलं तर खळगा न राहता परत वर येतं. सुरीचं टोक मध्यात खुपसून काढलं तर कोरडं निघतं. ही तिन्ही लक्षणं दिसली की बाहेर काढा, दहा मिनिटांनी डब्यातून सोडवा, आणि जाळीवर गार होऊ द्या.

२३ तारखेला एकदा करून बघा, म्हणजे ३० ला धाकधूक राहणार नाही. वहिनींना तेव्हाही शेजारी बसवा. दही किती आंबट आहे ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार? आंबट ढाण असेल तर घेऊ नका.

वर क्रीम वगैरे काही नको. या दिवसांत सापुताऱ्याच्या रस्त्याला सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी मिळते, नाशिकच्या बाजारातही येते. धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करून ऐनवेळी वर मांडा. मिश्रणात घालू नका, रस सुटून मधे ओलं राहतं. पिठीसाखर भुरभुरायची तीही केक पूर्ण गार झाल्यावर, नाहीतर विरघळून जाते. गार व्हायला तास-दीड तास लागतो, तोवर कापू नका. कापायची वेळ आली की सुरी वहिनींच्या डाव्या हातात द्या, आणि ताटली तुम्ही धरा.

तुमची,
ताई